सीट गरम होईना गेली तर

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आमच्या गावानं इतकी झिजवलीय की आता तिला कोणी हसत नाही. पण दोन वर्षांमागं, जानेवारीत, तुराबुल हक साहेबांचा उरूस आठ-दहा दिवसांवर आलेला असताना, वसमत रोडवरच्या माझ्या दुकानासमोर जिंतूरचे एक रिटायर गुरुजी जर्मन गाडीतून उतरले. कंबरेला हात लावून हळूहळू सरळ झाले आणि म्हणले, "सीट गरम होईना गेलीय बगा." तेव्हा म्हण आठवलीच.

गाडी त्यांच्या पोराची. पोरगा दिल्लीत नोकरीला. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, आणि या गाडीची दहा वर्षं भरत आली तशी त्यानं एनओसी काढून ती बापाकडं धाडून दिली. गुरुजींच्या मणक्यात गॅप. जिंतूर ते परभणी चाळीसेक किलोमीटर कंबर शेकत यायची त्यांना सवय लागली होती. गरम पाण्याच्या पिशवीपेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो, तिथं सीट तापवायचं बटण कशाला, असं परक्याला वाटेल. पण इथली थंडी ज्यानं काढलीय त्याला ठाऊक आहे. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो आणि पहाटे स्टेअरिंग हातात धरवत नाही.

शोरूमवाल्यांनी सीटचं अख्खं कुशन बदलायचं सांगितलं होतं. आकडा ऐकून गुरुजी माझ्याकडं आले.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन, सव्वीस वर्षं हेच काम. हीटरच्या सीटा मात्र आजवर आठ-नऊच उघडल्यात, कारण आमच्या भागात अशा गाड्याच कमी. तेवढ्यात एक गोष्ट पक्की समजली: माणसं आधी कव्हर उचकटतात आणि मग मीटर, म्हणजे मल्टीमीटर, शोधतात. दोष पुष्कळदा कव्हराच्या आत नसतोच. म्हणून खाली जे सांगतोय त्यात पक्कड उशिरा येते, तोवर दम धरा.

आत काय असतं

सीट हीटर म्हणजे गोधडीत शिवलेली शेगडी. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये पातळ कापडी चटई असते, तिच्यावर नागमोडी तार टाचलेली. काही गाड्यांत तारेऐवजी कार्बनच्या काळ्या दोऱ्या असतात. बुडाखाली एक चटई, पाठीला एक. आम्ही तिला पॅड म्हणतो. पॅडमध्ये उष्णता ओळखणारा एक दाणा असतो. जुन्या गाड्यांत तो थर्मोस्टॅट असतो: तापलं की लाइन तोडतो, निवलं की जोडतो. नव्या गाड्यांत थर्मिस्टर असतो. तो स्वतः काही तोडत नाही, किती तापलंय ते कंट्रोलरला कळवतो आणि तोडायचं काम कंट्रोलर करतो. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, रिले (जड करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा कंट्रोलरमधून, सीटखालच्या कपलरमधून (वायरी जोडायच्या प्लगमधून) पॅडमध्ये येतो आणि मायनस बॉडीला जातो. गाडी कितीही शहाणी असली तरी शेवटी एवढंच.

थोडा हिशेब डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल. पॅडचा रेझिस्टन्स ३ ओहम धरला आणि बॅटरी १२.६ व्होल्ट, तर करंट ४.२ अँपिअर आणि उष्णता ५३ वॅट. म्हणजे हेडलाइटच्या ५५ वॅटच्या बल्बाएवढी ताकद तुम्ही बुडाखाली घेऊन बसता. फरक इतकाच की बल्बमध्ये ती एका ठिपक्यात असते आणि इथं हातभर चटईवर पसरलेली. ती पसरलेलीच राहिली पाहिजे. सगळी गोम इथं आहे.

आधी गाडीत बसून बघा

हत्यार काढायच्या आधी इंजिन चालू करा. बऱ्याच गाड्यांत हीटर इंजिन चालू असल्याशिवाय लागतच नाही, आणि बॅटरी अशक्त असली की गाडी आधी अशा चैनीच्या वस्तूच बंद करते. उभ्या गाडीत बॅटरी १२.४ च्या खाली आणि इंजिन चालू असताना १३.८ च्या खाली दिसली तर सीट सोडा, आधी बॅटरी आणि अल्टरनेटर बघा.

मग बटण दाबा आणि दिव्याकडं नीट बघत बसा. पुढच्या दोन्ही सीटा गार असतील तर दोष दोघींच्या वाटेत आहे: फ्यूज, रिले, कंट्रोलर नाहीतर अर्थिंग. एकच गार असेल तर त्या सीटखालचा कपलर किंवा पॅड. दिवा लागून काही सेकंदांत विझत असेल तर कंट्रोलरला आत तुटलेली तार किंवा शॉर्ट दिसलाय आणि त्यानं आपणहून हात काढून घेतलाय. दिवा राहतो पण ऊब नाही, असं जुन्या साध्या वायरिंगमध्ये होतं. तिथं पॅड तुटलेला असतो नाहीतर मायनस सुटलेला. बूड तापतं आणि पाठ गार, तर दोन पॅड वेगवेगळ्या लाइनवर आहेत आणि पाठीचा गेलाय. आणि एकाच जागी रुपयाएवढा चटका बसत असेल, तर पुढचं काही तपासू नका. आधी फ्यूज काढून खिशात टाका. ती सीट दुरुस्त होईपर्यंत तो फ्यूज परत बसवायचा नाही.

गुरुजींच्या गाडीत दिवा लागायचा, मनात पाच मोजावेत तेवढं थांबायचा आणि विझायचा.

एक सूचना फक्त आपल्या भागातल्यांसाठी. हे काम सकाळी करा. मागं मे महिन्यात भर दोन वाजता एक जण जुन्या गाडीचा हीटर मेलाय म्हणून आला. मीटर लावला, पॅड ओपन, म्हणजे तार कुठंतरी तुटल्यासारखी. मी जवळजवळ सांगितलंच होतं की पॅड गेला. पण उन्हात उभ्या गाडीची सीट हात लावू देत नव्हती, आणि थर्मोस्टॅटनं आपलं काम चोख करून लाइन तोडून ठेवली होती. हे थर्मोस्टॅट साधारण चाळीस अंशांच्या आसपास तोडतात, गाडीगणिक फरक असतो. संध्याकाळी सीट निवल्यावर तोच पॅड मीटरवर ठणठणीत निघाला.

फ्यूज

फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात सीटचं चित्र शोधा. फ्यूज काढून डोळ्यांनी बघण्यापेक्षा जागेवरच त्याच्या दोन्ही कानांना टेस्ट लॅम्प (एक वायर बॉडीला लावून टोकानं सप्लाय तपासायचा दिवा) लावा. दोन्हीकडं उजेड पडला तर फ्यूज चांगला. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. परत उडाला तर शॉर्ट आहे, तो शोधा. १५ च्या जागी ३० टाकणं आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं हे दोन्ही प्रकार मी याच शहरात पाहिलेत. फोमला पेट लागायला फार काही लागत नाही.

सीटखाली, आणि पिवळ्या कपलरची गोष्ट

सीट मागं सरकवा, मोबाइलचा उजेड घेऊन आत बघा. तीन-चार कपलर दिसतील. त्यातला पिवळा एअरबॅगचा, किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्राचा. त्याला मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प लावायचा नाही, ओढायचा नाही. मीटरच्या सेलमधला करंटसुद्धा त्याला नको. सीट बाहेर काढायची वेळ आली तरच तो सोडवायचा, आणि तेही इग्निशन बंद, बॅटरीचा मायनस काढलेला, आणि त्यानंतर निदान दहा मिनिटं थांबून. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा. माझ्याकडं तेवढ्यात एक चहा होतो.

हीटरचा कपलर वेगळा असतो, बहुतेक काळा नाहीतर पांढरा, आणि त्यात दोन वायरी बाकीच्यांपेक्षा जाड असतात. तो उघडा. पिना काळ्या पडल्यात का, हिरव्या झाल्यात का, प्लास्टिक वितळलंय का बघा. सीट रोज पुढं-मागं होते, वायर ताणली जाते, पिन सैल पडते, सैल पिन तापते आणि तापलेली पिन आणखी सैल पडते. पावसाळ्यात ओले बूट आणि सुगीच्या दिवसांत उंदीर हेही या दोषाचे धनी आहेत. कापूस घरात आला की उंदीर गाडीत जातो, हा माझा अनुभव.

गुरुजींच्या सीटखाली मात्र मुंग्या होत्या. ओळीनं चाललेल्या. कपलर उघडला तर पिना हिरव्यागार आणि आंबूस वास. म्हणलं, "गुरुजी, इथं काय सांडलं?" बराच वेळ आठवल्यासारखं केलं. मग गुरुजींच्या सोबतच्या काकूच म्हणल्या, "दूध. लेकीकडं दुधाचा कॅन आणतात ना ह्येंच्या सीटमागं ठेवून."

पिना स्प्रेनं साफ केल्या. दोन वाचण्यासारख्या नव्हत्या, त्या नव्या दाबून बसवल्या. अशी पिन वायरीवर नुसती वळवून टेप मारू नका, चिमट्यानं दाबूनच बसवा. चार-पाच अँपिअर तिथून अर्धा-अर्धा तास जातात.

आता सप्लाय तपासायचा. मोकळ्या कपलरला मीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. माझे उस्ताद हैदराबादकडचे, ते म्हणायचे, "मीटर खाली पेट झूठ बोलता." वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो, ओझं टाकलं की सगळं बसतं. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याच्या होल्डरला दोन वायरी, असं एक घरगुती हत्यार करून ठेवा. ते कपलरला लावल्यावर बल्ब लख्ख पेटला तर सप्लाय आणि अर्थिंग दोन्ही चांगले. मिणमिणला तर वाटेत कुठंतरी सांधा कच्चा आहे.

नव्या गाड्यांत दोन अडचणी येतात. कपलर काढला की कंट्रोलरला पॅड दिसत नाही आणि तो सप्लाय सोडतच नाही. तिथं कपलर जोडलेला ठेवून, मागून वायर जिथं शिरते तिथं बारीक पिन सरकवून मोजा. दुसरं म्हणजे काही कंट्रोलर करंट तुकड्यातुकड्यानं सोडतात, चालू-बंद-चालू-बंद. मीटर त्याची सरासरी काढून सहा-सात व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो सप्लाय कमी आला. बटण सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून मोजा. हे सगळं करताना पिवळा कपलर जागेवर जोडलेला असू द्या, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायमचा लागून बसेल.

पॅड मोजणे

इग्निशन बंद, हीटरचा कपलर सुटा. मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवा, ०.३-०.५ असं काहीतरी येईल, तो काड्यांचा स्वतःचा आकडा, नंतर वजा करा. मग सीटकडून येणाऱ्या दोन जाड वायरींवर मोजा. दोन ते सहा ओहमच्या मध्ये काहीतरी आलं तर पॅड जिवंत समजा. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय. जवळजवळ शून्य आलं तर शॉर्ट.

नेमका किती हवा, हे सांगणारं उत्तम पुस्तक तुमच्या गाडीतच आहे: शेजारची सीट. तिचा पॅड मोजा आणि ताडून बघा. गुरुजींच्या गाडीत बाजूच्या सीटचं बूड ३.१, पाठ ३.३. गुरुजींच्या सीटची पाठ ३.३ आणि बूड ओपन. मग मीटर लावलेलाच ठेवला आणि माझ्या पोराला सीटच्या दाराकडच्या कडेवर गुडघा दाबायला सांगितलं. आकडा उगवला, ३.४, आणि गेला. परत दाबला, परत उगवला. तुटकी टोकं दाबल्यावर एकमेकांना शिवत होती. कव्हर न काढता जागा सापडली.

आणि जागाही नेहमीचीच. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, उतरता-चढता सगळं वजन उजव्या कडेवर घासून जातं. त्यात गुरुजी कंबरेमुळं एका अंगानं, कडेवर टेकून, सावकाश आत सरकायचे. ज्या आजारासाठी हीटर हवा, त्याच आजारानं तो तोडला.

बारीक वायरींवर थर्मिस्टर असेल तर तोही मोजा. पुष्कळ गाड्यांत तो २५ अंशांला १० किलोओहमच्या आसपास असतो आणि हाताच्या उबेनं आकडा खाली सरकतो. सरकत नसेल तर दोष तिथं आहे, पॅडला बोल लावू नका.

सीट बाहेर काढणे

क्रम चुकला की डोक्याला ताप होतो. मोटरची, म्हणजे बटणावर सरकणारी, सीट असेल तर बॅटरी जोडलेली असतानाच सीट पूर्ण पुढं घ्या, मागचे दोन बोल्ट काढा. मग पूर्ण मागं, पुढचे दोन काढा. मग मध्यावर आणा. त्यानंतर बॅटरीचा मायनस. माझ्या पोरानं घाईत बॅटरी आधी सोडली, मागचे बोल्ट रुळाखाली झाकलेले, आणि बसलो दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत. बोल्टला कुठं गोटी पाना चालतो, कुठं चांदणीच्या आकाराचा बिट लागतो. चुकीचा बिट मारून डोकं गोल केलंत तर पुढचा दिवस त्यातच जाईल.

दहा मिनिटं झाली की हात आधी बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा, मग कपलर सोडवा. सोडवण्याआधी फोटो काढा. मोटरची सीट पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते, एकट्यानं उचलू नका. दाराच्या पट्टीवर जुनी गोधडी टाका, नाहीतर सीटचा रूळ रंग खरवडत बाहेर येतो. सीट बाहेर असेपर्यंत इग्निशनला चावी लावायची नाही, आणि गाणी लावायलाही नाही.

इथं माझं एक स्पष्ट मत. बुडाचं काम धीर असेल तर घरी होतं. पाठीत साइड एअरबॅग असेल तर पाठीचं कव्हर घरी उघडू नका. एअरबॅग फुगताना ठरलेल्या शिवणीतून फाटून बाहेर यायची असते. ती शिवण परत कोणत्या दोऱ्यानं घालायची हे तुमचं-माझं काम नव्हे. तसंच बाजूच्या सीटच्या बुडात माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असतो, काही गाड्यांत तो हलला की मशीन लावून परत शिकवावा लागतो. तीही सीट मी उघडत नाही.

कव्हर, सुई आणि तार

कव्हर सोडवायला मी नानलपेठेतल्या कुशनवाल्या चाचांना बोलावतो. मला येत नाही असं नाही, पण त्यांच्यासारखं येत नाही. खाली प्लास्टिकच्या पट्ट्या फ्रेमच्या कडेत अडकवलेल्या असतात, त्या दाबून सोडवायच्या. मधल्या खाचांत तारेच्या रिंगांनी कव्हर फोमला बांधलेलं असतं, त्या रिंगा पक्कडीनं कापायच्या. मी एक रिंग ओढून काढायला गेलो तर चाचा ओरडले, "चमडा है, बोरा नहीं!" रिंग कापा, ओढू नका. ओढली तर फोममधली तार उपटून येते. परत बांधायला नव्या रिंगा मिळाल्या नाहीत तर बारीक केबल टाय चालतात; गाठ खाली फोमच्या खाचेत गेली पाहिजे, नाहीतर बसताना टोचते.

कव्हर उलटलं की पॅड दिसतो. बहुतेकदा तुटलेल्या जागी कापडावर तपकिरी डाग असतो. दिसला नाही तर मीटर बझरवर ठेवा, एक काडी पॅडच्या टोकाला आणि दुसरीला शिवणकामाची सुई बांधून तारेवर जागोजागी टोचत चला. जिथं बझर थांबला, त्याच्या अलीकडं तुटलंय.

जोडताना तार कापड न फाडता दोन्हीकडं सेंटीमीटरभर मोकळी करा. तारेवर लॅकरचा थर असतो, तो ब्लेडनं हळू खरवडा. दोन्ही टोकं समांतर ठेवून तांब्याच्या बारीक नळीत दाबा. सोल्डर धरत असेल तर वरून एक थेंब. कार्बनची दोरी असेल तर सोल्डर विसरा, ती धरतच नाही. तिथं फक्त दाबायची नळी. वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), त्यावर कापडी टेप. जोड आडवा, सपाट झोपला पाहिजे, आणि जमलं तर गुडघा पडतो त्या रेषेपासून बोटभर आत. टोकं पुरत नसतील तर तशाच जातीच्या तारेचा बारीक तुकडा मध्ये घाला.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुम्ही कराल. माझी पहिली हीटर सीट. पॅडचा एक तृतीयांश भाग तीन ठिकाणी तुटलेला. मी शहाणपणा केला, तेवढा वेढा सोडून दिला आणि दोन चांगली टोकं साध्या वायरीनं जोडली. सीट झकास तापली, गिऱ्हाईक खूश. तिसऱ्या दिवशी परत आलं, सीटवर तपकिरी डाग आणि पँटीलाही. काय झालं ते बघा. ३ ओहमची चटई २ ओहमची झाली. करंट ४.२ वरून ६.३. आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे उरलेल्या तारेचा प्रत्येक इंच आधीपेक्षा सव्वादोन पट तापायला लागला. पॅड माझ्या पैशानं नवा टाकून दिला. तेव्हापासून जोडल्यावर आकडा मूळच्या जवळ आला नाही तर मी कव्हर चढवत नाही. गुरुजींचा जोडल्यावर ३.१ आला.

थर्मोस्टॅट बिघडला म्हणून तो काढून सरळ जोडणारे कारागीरही आहेत. असं कधीच करू नका, कोणी स्वस्तात करून देतो म्हणलं तरी. ४४-४५ अंशांची ऊब तासन्‌तास लागून राहिली तरी कातडी भाजते, आणि साखरेच्या जुन्या रुग्णाला पायात-मांडीत संवेदना कमी असते, त्याला चटका कळतच नाही. आपल्याकडं ज्या वयाची माणसं कंबर शेकायला हीटर लावतात, त्याच वयात साखर निघते.

एक जोड, कडेला, बाकी तार लवचिक, तर जोडा. दोनापेक्षा जास्त तुटक्या जागा, किंवा तार बोटात घेतल्यावर कडकड मोडते, तर नवा पॅड. बाजारात कार्बनचे पॅड जोडीनं मिळतात. ते कापून बेतता येतात, पण त्यावर छापलेल्या रेघेवरच. तारेचा पॅड कापायचा नाही. गाडीच्या मूळ बटणावर चालवायचा तर रेझिस्टन्स मूळच्या जवळचा हवा, नाहीतर कंट्रोलर नाकारतो. जमत नसेल तर पॅडसोबत आलेलं स्वतंत्र बटण, रिले आणि फ्यूज लावा, मूळ वायरिंगला हात न लावता.

तपासणी, मग कव्हर

कव्हर चढवायच्या आधी पॅडला बाहेरच्या बॅटरीवरून, फ्यूज घालून, सप्लाय द्या आणि तळहात सगळ्या चटईवर फिरवा. ऊब सारखी पसरली पाहिजे. जोडाची जागा जास्त तापली तर जोड कच्चा, उघडा. करंट मोजायला डीसीचा क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम. पाच मिनिटं, समोर उभं राहून. सोडून चहाला जाऊ नका, इथं ऊब अंगावर घेणारा माणूस वर बसलेला नसतो.

कव्हर परत ताणून बसवणं हे खरं कष्टाचं काम, आणि इथं आपलं ऊन कामाला येतं. चाचांनी कव्हर अर्धा तास दुकानासमोर उन्हात टाकलं. जानेवारीचं ऊन, तरी चामडं मऊ झालं आणि हातानं ताणत बसलं. पुण्या-मुंबईचे कारागीर यासाठी गरम हवेची गन वापरतात.

सीट आत ठेवल्यावर चारी बोल्ट आधी हातानं दोन-दोन आटे घ्या, मग पुस्तकात दिलेल्या जोरानं आवळा. सगळे कपलर, पिवळा धरून, टक आवाज येईपर्यंत लावा. बॅटरी जोडताना गाडीत कोणी बसू नये. मग इग्निशन: एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर गाडी तशीच चालवू नका, स्कॅनर लावून घ्या.

आमचा विझला. गुरुजी त्यांच्या पद्धतीनं, कडेवर टेकून, सावकाश आत सरकले. मी म्हणलं, "आधी बूड टेकवा गुरुजी, मग पाय आत घ्या, कडेवर भार नको." त्यांनी शाळेतल्यासारखं ऐकलं आणि परत उतरून तसंच बसले. बटण दाबलं. दिवा लागला आणि राहिला. चार मिनिटं आम्ही तिघं काहीच बोललो नाही. मग ते म्हणले, "आलं."

काकू तोवर मागचं दार उघडून दुधाचा कॅन डिकीत ठेवत होत्या.